रंग पाहून दार लावले, गाणे ऐकून उघडावे लागले

युरोपातला उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते, त्या दिवसांत तिकडे अभिजात संगीताचे मोठमोठे महोत्सव भरतात. जर्मनीतील बायरॉइटचा महोत्सव १८७६ साली सुरू झाला, लंडनचा ‘प्रॉम्स’ १८९५ साली आणि ऑस्ट्रियातील साल्झबर्गचा १९२० साली. या मंचावर गायला मिळाले की कलावंताचे नाव जगभर होते. परंतु या मंचाच्या पायऱ्या सर्वांसाठी सारख्या नव्हत्या. गळा कसा आहे हे ऐकण्याआधी कातडीचा रंग पाहिला जाई. ही रीत आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यावर मात करणाऱ्या तीन कलावंतांची ओळख मात्र घराघरात व्हावी असे आम्हास वाटते.

पायऱ्या घासून घेतलेले व्हायोलिन

मारियन अँडरसन यांचा जन्म १८९७ सालचा, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातला. वडील बर्फ आणि कोळसा विकत. मारियन लहान असतानाच ते वारले आणि तीन मुलींचा भार आईवर आला. आईने लोकांचे कपडे धुतले, मोठ्या दुकानातल्या फरशा पुसल्या. छोट्या मारियननेही शेजाऱ्यांच्या दारापुढच्या पायऱ्या घासून पैसे साठवले आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुने व्हायोलिन आणले.

पुढे ती एका संगीतशाळेत प्रवेश घ्यायला गेली, तेव्हा काळ्यांना येथे घेत नाही असे सांगून तिला परत पाठवले गेले. तेव्हा तिच्या चर्चमधली साधी कष्टकरी माणसे पुढे झाली. त्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांतून तिची गाण्याची शिकवणी सुरू झाली.

१९३५ साली मारियन साल्झबर्गला पोहोचल्या, त्या वेळी युरोपात त्यांचे नाव गाजत होते. तरीही महोत्सवाच्या अधिकृत कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली नाही. त्या महोत्सवाबाहेर गायल्या, एका हॉटेलच्या दिवाणखान्यातही गायल्या. ऐकायला आलेल्यांत त्या काळचे सर्वांत मोठे वाद्यवृंद संचालक आर्तुरो तोस्कानिनी होते. असा आवाज शंभर वर्षांतून एकदाच ऐकायला मिळतो, असे ते म्हणाले. महोत्सवाने ज्यांना जागा नाकारली, त्यांचेच गाणे त्या उन्हाळ्याची आठवण म्हणून इतिहासात राहिले.

मायदेशी तरी काय वेगळे होते? १९३९ साली वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहाने त्यांना दार बंद केले. तेव्हा लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आभाळाखाली, त्या सुमारे ७५,००० लोकांपुढे गायल्या.

वेगळी पंगत नको

मारियन यांचे गाणे ऐकून भारावलेली एक मुलगी सेंट लुईस शहरात वाढत होती. तिचे नाव ग्रेस बंब्री, जन्म १९३७. वडील रेल्वेत मालाची चढउतार करीत. सतराव्या वर्षी तिने तेथील रेडिओची गायन स्पर्धा जिंकली. बक्षिसात गावातल्याच संगीत संस्थेची शिष्यवृत्ती होती. परंतु मुलगी काळी आहे म्हणताच संस्थेने प्रवेश नाकारला. वर्गात नको, हवे तर वेगळे बसवून शिकवू, असा तोडगा निघाला. घरच्यांनी तो साफ नाकारला. वेगळ्या पंगतीतले पक्वान्न नको म्हणणारे हे आईबाप आम्हास फार मोठे वाटतात. शिष्यवृत्ती गेली, पण शिक्षण थांबले नाही. ग्रेस दुसऱ्या शहरात जाऊन शिकल्या.

१९६१ साली बायरॉइटच्या महोत्सवात वाग्नर यांच्या ‘टानहॉयझर’ या संगीतिकेत ग्रेसना व्हीनसची, म्हणजे प्रेमदेवतेची भूमिका मिळाली. बायरॉइट हे साधे ठिकाण नव्हे. वाग्नर यांनी ज्यूंच्या विरोधात लेख लिहिला होता आणि हिटलर या महोत्सवाला आवर्जून येत असे. अशा मंचावर काळी देवता? वृत्तपत्रांत गदारोळ झाला, निषेधाची पत्रे आली. परंतु वाग्नर यांचेच नातू वीलांट वाग्नर दिग्दर्शक होते आणि ते निवडीवर ठाम राहिले. २४ वर्षांच्या ग्रेस गायल्या आणि टाळ्यांचा कडकडाट अर्धा तास थांबेना. प्रेक्षकांनी ४२ वेळा पडद्यापुढे बोलावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी त्यांचे गाणे झाले. २०२३ साली व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.

उभ्याचे तिकीट

लंडनच्या ‘प्रॉम्स’ची रीत निराळी. सामान्य माणसाने चांगले संगीत ऐकावे म्हणून तो सुरू झाला. पहिल्या वर्षी उभ्याने ऐकण्याचे तिकीट एक शिलिंग होते. आजही बसायच्या महागड्या जागांपेक्षा उभ्याचे तिकीट पुष्कळ स्वस्त असते.

याच मंचावर २०१७ साली शेकू कॅनेह-मेसन या तरुणाने चेलो वाजवला. चेलो म्हणजे मांडीशी टेकवून वाजवायचे मोठे तंतुवाद्य. शेकूची आई मूळची सिएरा लिओन देशातली. ही सात भावंडे, सातही वाजवणारी. शेकू सरकारी शाळेत शिकला. २०१६ साली बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला आणि २०२३ साली ‘प्रॉम्स’च्या अखेरच्या रात्री त्याचे वादन झाले. पैशांअभावी आपल्या जुन्या शाळेतले चेलोचे धडे बंद पडू नयेत म्हणून त्याने देणगीही दिली.

मारियनला महोत्सवाबाहेर गावे लागले, ग्रेस निषेधाची पत्रे झेलत आत गेली, शेकूला सन्मानाने बोलावणे आले. पण हे दार आपोआप उघडले नाही. आईची मोलमजुरी, शेजाऱ्यांची वर्गणी आणि वेगळ्या पंगतीला दिलेला नकार यांनी ते उघडले.

आपल्याही वस्तीत मुले पत्र्याच्या डब्यावर ताल धरतात, मुली भांडी घासताना गातात. जयंतीसाठी वर्गणी काढण्याची सवय आपल्याला आहेच. त्यातून दरवर्षी एका मुलाची किंवा मुलीची संगीताची फी निघाली तर किती बरे होईल! मारियनसाठी जमलेली वर्गणीही गरिबांच्याच खिशातली होती.