नागपूरहून आणलेली जुनी गाडी आठ दिवसांत बिघडली, तर दाद कुठे मागायची?

बोरगाव (ता. सौंसर) : इथल्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी लागली, दोन-तीन वर्षं पगार हाती आला की घरात पहिली चारचाकी येते. ती बहुतेक सेकंडहँडच असते. छिंदवाड्यापेक्षा नागपूरला डीलर जास्त आणि गाड्याही जास्त, म्हणून सावनेरमार्गे एमएच पासिंगची गाडी आणली जाते. आठ दिवस बरी चालते. मग सिल्लेवानी घाटात इंजिन तापतं, नाहीतर ऊन पडलं की मॅटखालून कुबट वास येतो. डीलरला फोन लावला की उत्तर ठरलेलं : "भाऊ, जुनी गाडी आहे, गॅरंटी कशाची?"

हे उत्तर अर्धंच खरं आहे. बॅटरी उतरली, क्लच झिजला, टायर गेले, याची भरपाई सहसा मिळत नाही. वापरलेल्या गाडीत झीज असणारच. पण मोठा अपघात झालेली गाडी 'नॉन-अॅक्सिडेंट' म्हणून विकली, किलोमीटर मागे फिरवले, पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केली, तर ती झीज नाही, लपवाछपवी आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं भारतीय करार कायद्याच्या कलम 17 नुसार फसवणूक ठरतं. पावतीवर 'जशी आहे तशी' असं छापलेलं असलं तरी त्या एका ओळीमागे डीलरला लपता येत नाही.

पाण्यातल्या गाडीचं उदाहरण इकडच्या लोकांना लवकर पटेल. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी दुरुस्त करून विकणं गुन्हा नाही, न सांगता विकणं चूक आहे. ओळखायची खूण सोपी : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला चिखलाचा डाग, सीटखालच्या बोल्टांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात माती दिसली तर सौदा तिथेच थांबवावा.

गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण यासाठी मुद्दाम वाचण्यासारखं आहे. त्याने 2011 चं नवं मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि डीलरने 2009 ची, 622 किलोमीटर चाललेली गाडी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 18 फेब्रुवारी 2021 च्या निकालात कंपनी, म्हणजे टाटा मोटर्स, सुटली. जबाबदारी डीलरवर राहिली. गाडी नवी म्हणून विकलेली होती, हा फरक आहे. तरी मुद्दा आपल्यालाही लागू पडतो : ज्याने विकलं आणि लपवलं, त्याला धरायचं. कंपनीच्या मागे लागून वेळ जातो.

"मी तर फक्त मधला माणूस" ही डीलरची दुसरी पळवाट. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मूळ मालकाने फॉर्म 29-सी भरून गाडी ताब्यात दिली की डीलरच मालक मानला जातो. इसार देण्याआधी हे अधिकारपत्र बघायला मागावं.

बिलावर तर अडूनच बसावं. "बिल घेतलं तर जीएसटी पडेल" ही भीती फुकटची आहे. नोंदणीकृत डीलरला 18 टक्के कर लागतो तो साधारणपणे त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. तीन लाखांत घेतलेली गाडी त्याने 3 लाख 40 हजारांत विकली तर कर 40 हजारांवर, म्हणजे 7,200 रुपये. बिलावर किलोमीटर आणि 'अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही' एवढं लिहून घेतलं तर पुढचं भांडण निम्मं जिंकल्यासारखं आहे.

दोष निघालाच तर गावातल्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेऊ नये. उघडलेल्या इंजिनाकडे बोट दाखवून डीलर हात झटकतो. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी तपासणी अहवाल घ्यावा आणि गाडी नंबरवरून जुना सर्व्हिस रेकॉर्डही मागावा. किलोमीटरची लबाडी तिथे उघडी पडते. मग अहवाल जोडून स्पीड पोस्टने डीलरला पंधरा दिवसांची नोटीस. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, गाडीची मूळ जाहिरात, काहीच डिलीट करू नये. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर काही डीलर तेवढ्यावरच नरमतात.

नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग. इथे सीमेवरच्या लोकांचा मोठा गैरसमज आहे की गाडी नागपूरची, म्हणून खटला नागपुरातच. जुन्या कायद्यात जवळपास तसंच होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कामगार ने-आण करण्यासाठी घेतलेली एखादी गाडी मालक स्वतः चालवून पोट भरत असेल तर तोही ग्राहकच. चार-पाच गाड्यांचा धंदा असेल तर मात्र अडचण येते.

डीलर तडजोडीला तयार झाला आणि "गाडी आणून टाका, पैसे देतो" म्हणाला, तरी पैसे खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नये. परत देताना तारीख-वेळ टाकून पोच घ्यावी आणि आरसी आपल्या नावावर झाली असेल तर नाव बदलण्याचे कागद त्याच दिवशी करावेत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही दारात उभी असो.