बंडगार्डनचं पाणी सपाट का?

बंडगार्डनला, म्हणजे आजच्या महात्मा गांधी उद्यानात, फिरायला गेलात तर नदीकाठी उभं राहून आधी वरच्या अंगाला पाहा, मग खालच्या. वर मुळा-मुठेचं पाणी तळ्यासारखं पसरलेलं, खाली तीच नदी खडकांतून वाट काढत निघालेली. दोन्हींच्या मध्ये आहे एक बंधारा. या बागेतली खरी नवलाई तीच!

हा बंधारा कुणाच्या करमणुकीसाठी बांधला नव्हता. पुणेकरांना पाणी मिळावं म्हणून मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली आणि १८५० मध्ये तो उभा राहिला. पुढे खडकवासल्याचं धरण झालं आणि पाण्याची भिस्त तिकडे गेली. पण बंधाऱ्याने तोवर नदीचं रूप पालटलं होतं. नदीचा उतार मंद असला की बुटकी भिंतसुद्धा पाणी लांबवर मागे सारते. याला फुगवटा म्हणतात. इथला फुगवटा वर मुळा आणि मुठेच्या संगमाच्या दिशेने पसरला आणि पावसाळ्यात उसळणाऱ्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीला वल्हवण्याजोगं सपाट पाणी लाभलं. त्यावर नौकाविहार आला, काठी संध्याकाळची फेरी आली. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ पासूनचा ‘रेगाटा’ नौकोत्सवही नदीच्या याच भागातला. बागेलगतचा दगडी फिट्झजेराल्ड पूल १८६७ चा. आज तो वाहनांचा नाही, पायी फिरणाऱ्यांचा आहे.

भिंतीवरून सांडणारं पाणी पुढे कुठे जातं? अरबी समुद्र पुण्याहून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार घडलं आणि ते पूर्वेला कललं. म्हणून बंडगार्डनचं पाणी भीमेला मिळतं, उजनीत विसावतं, पंढरपुरात चंद्रभागा होतं, मग कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. वाट हजार किलोमीटरहून बरीच लांब आणि उतरायची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे एका किलोमीटरमागे सरासरी अर्धा मीटरही उतार नाही!

मुळेच्या काही पाण्याची वाट मात्र माणसाने उलटवली आहे. मुळशी धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडून वीज करतात, आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. एकाच खोऱ्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब भारताच्या दोन टोकांच्या समुद्रांत पोचू शकतात!

बंधाऱ्याखाली, कल्याणीनगरच्या बाजूला, डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलातले किडे टिपताना दिसतील, हळदीकुंकू बदकंही भेटतील.

बंधाऱ्यापाशी कधी पांढरा फेस दिसतो, तोही समजून घ्यायला हवा. पाणी उंचावरून पडताना त्यात हवा मिसळते. शुद्ध पाण्याचे बुडबुडे लगेच फुटतात, पण साबणाचा अंश असला की बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतो आणि फेस टिकतो. हवा मिसळणं नदीच्या भल्याचंच, त्याने तिला प्राणवायू मिळतो. साबण येतो आपल्या मोऱ्यांतून, शुद्ध न होताच नदीत सुटणाऱ्या सांडपाण्यासोबत.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका दानशूराने पैसा ओतला तो पुण्याने हे पाणी प्यावं म्हणून. आज त्यात मुलांना हात बुडवू द्यायचाही धीर होत नाही. बाग, पूल, फुगवटा हे सारं आपल्याला आयतं मिळालं; नदीत मिळणारं सांडपाणी शुद्ध करणं तेवढं आपल्या पिढीच्या वाट्याला आलं आहे, आणि ते आपल्या हातचं आहे.