इंधनाचा कॉक आणि उजवा पाय

जुन्या स्कूटरचे पेट्रोल संपत आले की ती आचके देऊ लागते. मग चालवणारा हात खाली घालून पेट्रोलचा कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवतो आणि स्कूटर पुन्हा धावू लागते. पुष्कळशा लहान विमानांतही असाच कॉक असतो. एका टाकीतले इंधन संपत आले की तो फिरवून दुसरी टाकी इंजिनाला जोडायची. हे साधे काम केव्हा जिवावर बेतते, ते पाहू या.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातील माँटेरे येथून ‘लाँग-ईझी’ जातीच्या छोट्या विमानातून एकटेच उडाले. विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. इंधन थोडे होते. पण तासभरच उडायचे म्हणून त्यांनी ते भरून घेतले नाही. काही वेळाने किनाऱ्यावरील लोकांना इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला आणि विमान नाक खाली करून समुद्रात कोसळले. डेन्व्हर मरण पावले.

मूळ आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. इंधनाची नळी वैमानिकाजवळ नको, म्हणून विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता.

आता एक प्रयोग करा. खुर्चीवर पाय पुढे टेकून बसा आणि उजव्या हाताने डाव्या खांद्यामागची वस्तू धरू पाहा. धड डावीकडे वळताना उजवा पाय काय करतो? तो नकळत जोराने रेटा देतो. धड फिरवायला आधार हवा. पाय जमिनीला रेटतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमीन तेवढ्याच बलाने पायाला उलट रेटते. विमानात मात्र पायाखाली सुकाणूचे पेडल असते! उजवे पेडल दाबले की नाक उजवीकडे वळते. बाहेरच्या बाजूचा डावा पंख अधिक वेगाने जातो, त्याचे उद्धारक बल वाढते आणि विमान उजवीकडे कलंडते. तपास करणाऱ्यांनी तसेच बसून कॉकपर्यंत हात नेऊन पाहिला, तेव्हा उजवा पाय पेडलवर दाबला जात होता.

सावरायला वेळ किती होता? पाहणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे विमान फार तर १५० मीटर उंचीवर होते. हवेचा विरोध सोडून दिला, तर एवढ्या उंचीवरून पडायला सुमारे साडेपाच सेकंद लागतात. गणित तुम्हीच करून पाहा.

इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही वैमानिकाच्या पाठीमागे होत्या आणि त्यांवर खुणा नव्हत्या. या विमानाचा पुरेसा सरावही डेन्व्हर यांना नव्हता. अशा लहानमोठ्या उणिवा एकत्र आल्या. उडण्यापूर्वी टाक्या भरल्या असत्या, तर त्या उंचीवर कॉक फिरवायची वेळच आली नसती.

तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रांचे आराखडे काढील. तेव्हा एवढे जरूर करा : चालवणाऱ्याला जागेवर बसवा आणि त्याचा हात कळीपर्यंत जाताना पाय कुठे जातो, तेही पाहा.