ज्वालाग्राही वाफा आणि विजेरीतील लिथियम सेल

जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील इंडियन ऑईलच्या आगारात २९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी पेट्रोलची गळती सुरू झाली. सुमारे सव्वा तासात वाफेचा प्रचंड ढग पसरला आणि साडेसातच्या सुमारास त्याचा स्फोट झाला. या दुर्घटनेत अकरा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने केली. ज्वालारोधक नसलेली विद्युत उपकरणे किंवा सुरू केलेले वाहन, हे ठिणगीचे संभाव्य स्रोत असल्याचे मत समितीने मांडले.

अंधारात गळती पाहण्यासाठी जाणाऱ्याच्या हातातील विजेरी हेही एक विद्युत उपकरणच असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत आणि गटारांत साचते. हवेतील तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले, तरी ती पेट घेऊ शकते. विजेरीच्या बटणातील बारीकशी ठिणगीही त्यासाठी पुरेशी ठरते.

म्हणूनच अशा ठिकाणी केवळ मजबूत किंवा जलरोधक विजेरी चालत नाही. प्रमाणित विजेरीत विद्युत ऊर्जा इतकी मर्यादित ठेवलेली असते, की ठिणगी पडली तरी वाफ पेटत नाही. पेट्रोलियम क्षेत्रातील अशा उपकरणांना नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना मान्यता देते. मात्र प्रमाणित विजेरीचेही सेल धोक्याच्या क्षेत्रात बदलू नयेत, तसेच तेथे ती चार्ज करू नये.

दुसरा धोका सेलमध्येच दडलेला असतो. लिथियम-आयन सेलमधील द्रव ज्वलनशील असतो. अतिचार्जिंग, शॉर्ट सर्किट किंवा ठोकर यांमुळे सेल तापला, की आतील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते आणि वायू बाहेर पडतो. जलरोधक विजेरीच्या बंद नळीत त्या वायूला वाट मिळत नाही, त्यामुळे विजेरी फुटू शकते.

हा धोका टाळण्यासाठी संरक्षक सर्किट असलेले सेल आणि त्यांच्याच प्रकारचा चार्जर वापरावा. नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या सेलसाठी ४.२ व्होल्ट ही चार्जिंगची कमाल मर्यादा होय. एकाच विजेरीत जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, कारण दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्यातून प्रवाह ढकलत राहतो. आवरण फाटलेला, फुगलेला किंवा चेपलेला सेल वापरू नये. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात न ठेवता प्लास्टिकच्या डबीत ठेवावेत. निकामी सेल कचराकुंडीत न टाकता संकलन केंद्रात द्यावेत.

गळतीचा वास आल्यावर प्रमाणित विजेरी हाताशी नसेल, तर कोणताही दिवा न लावता आणि न विझवता तेथून दूर जाणे आणि सुरक्षित अंतरावरून अग्निशमन दलाला कळविणे, हाच योग्य मार्ग आहे.