घरच्या घरी प्रक्षेपण

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शिरूर गाठण्यापूर्वी, रांजणगावच्या महागणपतीचे देवस्थान लागते आणि त्याच्याच पंचक्रोशीत जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तीत दूरचित्रवाणी संच तयार करणारा एलजी कंपनीचा कारखाना आहे. दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या घरी आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचा स्मार्ट टीव्ही भिंतीवर टांगलेला दिसतो. परंतु घरातल्याच दुसऱ्या उपकरणातील छायाचित्रे, गाणी आणि चित्रफिती तारेवाचून आणून दाखविण्याची जी सोय निर्मात्याने त्या संचात पूर्वीच करून ठेवलेली असते, तिची वार्ता पुष्कळांना नसते. एलजीने तिला ‘स्मार्टशेअर’ म्हटले, अन्य कंपन्यांनी आपापली नावे दिली. तत्त्व मात्र एकच.

या सोयीचे प्रयोजन समजण्यासाठी शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या घरातला मोबाइल उघडून पाहावा. तुकाराम महाराजांची पालखी यवतला आणि वरवंडला मुक्कामी आली तेव्हाची चित्रणे, बैलगाडा शर्यतीच्या घाटात आपली बैलजोडी सुटली तो क्षण, भाचीच्या लग्नाचा छायाचित्रकाराने पेनड्राइव्हवर दिलेला ऐवज, ही सारी दौलत तळहाताएवढ्या पडद्यात कोंडलेली असते. आणि आजीला ती दाखवावयाची म्हटली, की एका मोबाइलभोवती साऱ्या घराची डोकी गोळा होतात. मग कोणीतरी ‘व्हॉट्सॲपवर टाक’ म्हणून सुचवितो, आणि ओसरीवरच्या मोबाइलमधले छायाचित्र माजघरातल्या मोबाइलमध्ये येण्यासाठी एका दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. शिवाय त्या प्रवासात आकुंचन पावून त्याचा बारीक तपशील झिजतो, तो निराळाच.

दौंडच्या रेल्वेप्रवाशांना या द्राविडी प्राणायामाची उत्तम कल्पना यावी. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंड जंक्शनात शिरली, की इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, आणि आल्या वाटेने काही अंतर माघारी जाऊन मगच ती उत्तरेकडे वळे. हा खोळंबा टाळण्यासाठी पुढे तेथे दोन्ही मार्गांना थेट जोडणारी कॉर्ड लाइन टाकण्यात आली. घरातील जाळे म्हणजे दोन उपकरणांमधली अशीच कॉर्ड लाइन होय. तिच्यावरून जाणाऱ्या मजकुराला घराचा उंबरठा ओलांडावा लागत नाही, आणि म्हणूनच रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटून इंटरनेट बंद पडले, तरी राउटरला वीज मिळत आहे तोवर ही अंतर्गत वाहतूक सुरळीत चालते.

या जाळ्याचा कारभार राउटरकडे असतो. वायफायवर आलेल्या प्रत्येक उपकरणाला तो एक क्रमांक बहाल करतो, आणि तो बहुधा १९२.१६८ अशा अंकांनी सुरू होतो. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या अशा पत्त्यांची मर्यादा १९९६ साली एका आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाने निश्चित केली. त्यामुळे शिरूरच्या एका घरातील टीव्हीचा आणि दौंडच्या एका घरातील मोबाइलचा पत्ता अगदी सारखा असला, तरी कोठेही घोटाळा होत नाही, कारण दोहोंची हद्द वेगळी असते.

पत्ता मिळाला तरी टीव्हीला घरात कोणाकडे काय आहे हे कसे कळावे? त्यासाठी तो २३९.२५५.२५५.२५० या राखीव पत्त्यावर सर्वांना उद्देशून एक पृच्छा धाडतो. ज्या उपकरणात चित्रसंग्रह आहे, म्हणजे ज्याला मीडिया सर्व्हर म्हणतात, ते तिला उत्तर देऊन आपले नाव कळविते आणि पुढे मागणी होताच आपल्याजवळच्या फायलींची यादी सादर करते. वापरणाऱ्याने त्या यादीतून एखादे चित्र निवडले, की ते सर्व्हरकडून थेट पडद्याकडे रवाना होते. काही ठिकाणी निवड करण्याचे काम मोबाइलकडे असते. तेव्हा साठविणारा एक, दाखविणारा दुसरा आणि हुकूम सोडणारा तिसरा अशी कामाची वाटणी होते.

हा समझोता आपोआप झालेला नाही. प्रत्येक कंपनीची उपकरणे केवळ स्वतःच्याच भाषेत बोलत असताना, १९९९ साली स्थापन झालेल्या यूपीएनपी फोरमने परस्परांची ओळख पटविण्याचे नियम घालून देण्याचे काम हाती घेतले. आणि २००३ साली सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट प्रभृती कंपन्यांनी एकत्र येऊन जी संघटना काढली, ती पुढे डीएलएनए या नावाने ओळखली गेली व तिचा शिक्का टीव्हीच्या खोक्यांवर दिसू लागला. २०१७ साली ती विसर्जित झाली, तथापि तिने घालून दिलेली वहिवाट असंख्य संचांत आजही चालू आहे.

प्रत्यक्ष मांडणी अवघड नाही. विंडोज संगणकात मीडिया स्ट्रीमिंगची सोय अंगभूतच असते, अनेक राउटरांच्या यूएसबी खाचेत हार्डडिस्क लावता येते, आणि अडगळीत पडलेल्या संगणकावर २०१८ साली निघालेली जेलीफिन ही विनामूल्य प्रणाली बसविली, तर संपूर्ण संग्रह नावानिशी, चित्रांनिशी समोर येतो. अडचणी येतात त्या दोन दिशांनी. पहिली फायलीच्या स्वरूपाची: जेपेग छायाचित्र आणि एमपीथ्री गाणे प्रायः सर्वत्र चालते, परंतु २०१७ नंतरच्या आयफोनांवरील एचईआयसी छायाचित्र किंवा एचईव्हीसी पद्धतीची चित्रफीत जुन्या टीव्हीला उमगत नाही, आणि ती सर्व्हरकडून रूपांतरित करून घ्यावी लागते. दुसरी भिंतींची: वाड्याची हातभर जाडीची दगडी भिंत, बंगल्याचा सळयांचा स्लॅब किंवा पत्र्याचे छप्पर वायफायच्या लहरींना अडविते, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोहोचतो पण मंद असतो, ५ गिगाहर्ट्झचा शीघ्र असतो पण भिंतीपुढे नमतो. एक मिनिटाचे फोर-के चित्रण १७० ते ३५० एमबीपर्यंत जागा घेते हे लक्षात घेता, टीव्ही आणि सर्व्हर यांच्यामध्ये साधी लॅन केबल ओढणे हा उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. आणि एक उपकरण दुसऱ्याला मुळीच दिसत नसेल, तर त्यांपैकी एखादे पाहुण्यांसाठीच्या निराळ्या वायफायवर तर गेलेले नाही ना, हे प्रथम पाहावे.

बंदोबस्ताचा विचार मात्र टाळता येत नाही. या जुन्या पद्धतीत सर्व्हर बहुधा पासवर्ड विचारीत नाही. ज्याला वायफायचा पासवर्ड मिळाला त्याला सामायिक केलेल्या फोल्डरातले सर्व खुले, असा तिचा सरळ हिशेब आहे. यास्तव बँकेची कागदपत्रे आणि आधारच्या प्रती त्या फोल्डरात ठेवू नयेत. राउटर त्याच यूपीएनपीच्या नियमांद्वारे बाहेरच्या जगालाही दार उघडून देऊ शकतो, हे जानेवारी २०१९ मध्ये प्रत्ययास आले. अशा उघड्या राहिलेल्या दारांतून शिरून काही खोडसाळ मंडळींनी टीव्हीला जोडल्या जाणाऱ्या जगभरातल्या हजारो क्रोमकास्ट उपकरणांवर आपलीच चित्रफीत चालविली. राउटरमधील ती आपोआप दार उघडण्याची मुभा बंद केली, तरी घरातल्या घरातले आदानप्रदान थांबत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील, कारण सर्व काही क्लाउडवर ठेवता येतेच. परंतु परक्याच्या कोठारात ठेवलेल्या मालाच्या अटी कोठारवाला बदलू शकतो: गूगल फोटोजने छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली. घरच्या हार्डडिस्कला अशी अट नाही. तिला दुसरीच जोखीम आहे, ती म्हणजे एके दिवशी बंद पडण्याची. म्हणून संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या घरात, पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाकडे किंवा मळ्यातल्या वस्तीवर, ठेवावी, आणि कोणत्या डिस्कवर काय आहे याची माहिती घरातल्या निदान दोघांना तरी असावी. आपल्या संग्रहाची मुखत्यारी आपल्याकडे ठेवावयाची, तर त्याच्या रक्षणाचा भारही आपल्यालाच वाहावा लागतो. आणि वर्षाकाठी एका डिस्कच्या खर्चात व एका दुपारच्या श्रमात तो सहज पेलण्याजोगा आहे.