"आई, हा डाव संपू दे!"

सख्यांनो, जेवायला हाक मारली की मुलगा म्हणतो, "आई, दोनच मिनिटं!" आणि अर्धा तास मोबाईल सोडत नाही. आपला पारा चढतो. पण तो नेमकं काय खेळतो, हे कधी शेजारी बसून पाहिलंय का?

बीजीएमआय हा खेळ घ्या. सुमारे शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. चौघांचा एक संघ. खेळायची जागा आकसत जाते, शेवटी उरेल तो संघ जिंकतो. डाव साधारण अर्ध्या तासाचा, आणि मध्ये थांबवता येत नाही. कानात इअरफोन घालून दोस्त एकमेकांशी बोलत, सांभाळत खेळतात. एकजण उठला तर तिघं अडचणीत येतात. आपल्या गटात एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना जड जातं, तसंच.

म्हणून ओरडण्याआधी विचारा, "डाव कधी संपतोय?" मग ठरवा, हा संपला की ताटावर.

मात्र पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ वेगळे. त्यांच्यावर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली आहे. साध्या खेळातही कपडे, बंदुकांचे रंग विकत मिळतात. तेव्हा यूपीआयचा पिन आपल्यापाशीच ठेवा.