लहान ऑनलाइन व्यवसाय: मार्केटिंगची कोणती पद्धत कोणाला परवडते?

दिवाळी महिनाभरावर आली की घरगुती फराळ विकणाऱ्या अनेक जणी पहिल्यांदाच इन्स्टाग्रामवर ‘बूस्ट पोस्ट’चे बटण दाबतात. दोन-तीन हजार रुपये जातात, पोस्टला लाइक्स मिळतात आणि ऑर्डर मात्र नेहमीच्या ओळखीच्या लोकांकडूनच येतात. मग ‘ऑनलाइन जाहिरातीत काही अर्थ नाही’ असा निष्कर्ष निघतो. बऱ्याचदा दोष जाहिरातीचा नसतो. आपल्या मालाला कोणती पद्धत लागू पडते आणि ती परवडते का, याचा हिशोब आधी झालेला नसतो. भांडवलच दहा-पंधरा हजारांचे असेल, तर ही चूक महाग पडते.

पद्धत निवडण्यापूर्वी तीन प्रश्न

1. ग्राहक ही वस्तू स्वतःहून शोधतो, की पाहिल्यावर त्याला ती घ्यावीशी वाटते? शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस किंवा वाढदिवसाचा केक लोक गुगलवर शोधतात. हातमागाची साडी किंवा टेराकोटाचे दागिने मात्र डोळ्यांना दिसले की आवडतात. पहिल्या प्रकारात शोधणाऱ्याला सापडणे महत्त्वाचे, दुसऱ्या प्रकारात फोटो आणि व्हिडिओ.

2. ग्राहक एकदाच घेतो, की पुन्हा पुन्हा? गोडा मसाला दोन-तीन महिन्यांत संपतो. गणपतीचे मखर वर्षातून एकदाच लागते, तेही चांगले असेल तर पुढची काही वर्षे चालते.

3. माल किती लांब जाऊ शकतो? उकडीचे मोदक कुरिअरने नागपूरला पाठवता येत नाहीत. त्यांचा ग्राहक काही किलोमीटरच्या आतलाच असतो. मसाला, लोणचे किंवा साडी देशभर जाऊ शकते.

एका ग्राहकाची किंमत

समजा, अर्धा किलो मसाल्याची किंमत 450 रुपये आहे. कच्चा माल व दळण 220, स्वतःची मजुरी 30, पॅकिंग 20 आणि कुरिअर 80 असे 350 रुपये खर्च झाले. हातात 100 रुपये उरले. मजुरी न धरता हिशोब केला तर नफा फुगलेला दिसतो, म्हणून ती धरायलाच हवी.

आता 3,000 रुपयांची जाहिरात केली. तिच्यावर 18 टक्के जीएसटी धरून खर्च 3,540 रुपये झाला. जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला हा कर परत मिळत नाही. जाहिरातीतून 24 नवे ग्राहक आले, तर एका ग्राहकामागे साधारण 148 रुपये पडले. नफा 100 आणि खर्च 148, म्हणजे पहिल्या ऑर्डरला तोटाच.

पण या 24 पैकी 12 जणांनी वर्षभरात आणखी तीन-तीन वेळा मसाला मागवला, तर एकूण 60 ऑर्डर होतात. 6,000 रुपयांतून 3,540 वजा जाता 2,460 रुपये उरतात. तीच जाहिरात आता फायद्याची ठरते. मखरातही एका नगामागे 100 रुपयेच सुटत असतील, तर हाच खर्च निव्वळ तोट्याचा, कारण दुसरी ऑर्डर येणारच नसते. थोडक्यात, एकदाच घेतल्या जाणाऱ्या वस्तूची जाहिरात पहिल्याच विक्रीत वसूल व्हावी लागते. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वस्तूला थोडी सवड मिळते, पण जुना ग्राहक टिकला तरच.

कोणती पद्धत कशासाठी?

व्हॉट्सॲप बिझनेस: जुना ग्राहक टिकवण्यासाठी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. ॲप मोफत आहे, त्यात कॅटलॉग टाकता येतो आणि ग्राहकांना लेबले लावता येतात. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी टाकणे फायद्याचे. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवल्यास लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या तर खातेही बंद होऊ शकते. मसाला संपत येईल अशा सुमारास केलेली एक आठवण पुरते.

गुगल बिझनेस प्रोफाइल: हेही मोफत आहे. ‘जवळचा केक’ असे शोधणाऱ्याला नकाशावर दिसण्यासाठी ते उपयोगी पडते. मात्र ग्राहकाशी प्रत्यक्ष गाठ पडणाऱ्या व्यवसायांसाठीच ते आहे. घरून केक पोहोचवणाऱ्या व्यक्तीला घरचा पत्ता लपवून केवळ सेवेचा परिसर दाखवता येतो. सगळा माल कुरिअरनेच पाठवणारे निव्वळ ऑनलाइन दुकान यात बसत नाही. इथे खरी कमाई रिव्ह्यूंची असते, म्हणून समाधानी ग्राहकाला त्याच दिवशी विनंती करावी.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक: पाहून आवडणाऱ्या वस्तूंसाठी. पैठणीचा पदर उलगडून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा स्थिर फोटोंपेक्षा जास्त सांगतो. पैसे लावताना जाहिरात कोणत्या भागात दिसणार, हे तपासावे. पुण्यातले मोदक पाटण्यात दाखवून उपयोग नाही. जाहिरातीचा उद्देश निवडतानाही लाइक्सऐवजी संदेश किंवा ऑर्डर निवडावी.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारखी बाजारपेठ: ग्राहक आधीच तिथे असतात, ही मोठी सोय. त्या बदल्यात कमिशन, शिपिंग, परत आलेल्या मालाचा खर्च असे वेगवेगळे भार पडू शकतात. ग्राहकाचा संपर्कही सहसा विक्रेत्याला मिळत नाही, त्यामुळे त्याला पुन्हा बोलावणे कठीण जाते. पूर्वी अशा ठिकाणी माल विकायला जीएसटी नोंदणी लागत असे. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढालीच्या मर्यादेत असलेल्या लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, पण आपल्या राज्यातच, माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

इन्फ्लुएन्सर: फॉलोअर लाखभर असण्यापेक्षा ते कुठले आहेत, हे महत्त्वाचे. सोलापूरची शेंगाचटणी विकणाऱ्याला पुण्या-मुंबईत राहणाऱ्या सोलापूरकरांचे छोटे पेज जास्त उपयोगी ठरू शकते. पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर पोस्टमध्ये ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते.

हंगामी मालाचे वेगळे गणित

कोकणातला आंबा बागायतदार एप्रिल-मेमध्येच विकतो, पण त्याचे ग्राहक दरवर्षी परत येऊ शकतात. त्यामुळे ऐन हंगामात नव्या लोकांसाठी जाहिरातीवर पैसे ओतण्याऐवजी गेल्या वर्षीच्या ग्राहकांना फेब्रुवारी-मार्चमध्ये संदेश पाठवून आगाऊ नोंदणी घेणे स्वस्त पडते. फराळ, राख्या आणि कंदील यांनाही हेच लागू आहे. यंदाच्या ग्राहकांची यादी हे पुढच्या वर्षीचे भांडवल असते. मात्र संदेश पाठवण्यासाठी त्यांची परवानगी आधी घेतलेली असावी.

लहान प्रयोग करून पाहा

एका वेळी एकच पद्धत, ठरावीक रक्कम आणि ठरावीक दिवस असा नियम ठेवावा. उदाहरणार्थ, 1,000 रुपये आणि दहा दिवस. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ असे विचारून उत्तर वहीत लिहावे. प्रत्येक पद्धतीला वेगळा कूपन कोड दिला, तर हिशोब आणखी सोपा होतो. दहा दिवसांनी लाइक्स मोजू नयेत, ऑर्डर मोजाव्यात. एका ग्राहकामागचा खर्च परवडण्यापलीकडे गेला, तर आधी फोटो, किंमत आणि कुरिअरचा दर तपासावा. तरीही फरक पडला नाही, तर ती पद्धत थांबवावी.

दाव्यांबाबत सावधगिरी

खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडे एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असणे आणि तो पाकिटावर छापणे आवश्यक आहे. ‘या लाडूने मधुमेह बरा होतो’ असे दावे टाळावेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार फसव्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सुरुवात कुठून करावी?

मोफत साधनांपासून. आधी जुन्या ग्राहकांची यादी, मग स्थानिक सेवा असेल तर गुगल प्रोफाइल, आणि एका ऑर्डरमागे नेमके किती उरतात हे कागदावर मांडल्यावरच पैसे देऊन केलेली जाहिरात. 100 रुपये उरत असताना ग्राहक मिळवायला 148 रुपये लागत असतील, तर तो ग्राहक परत येणार का, याचे उत्तर आधी हवे. ते नसेल, तर ‘बूस्ट’चे बटण आणखी थोडे दिवस थांबू शकते.